अकोल्याले नेली की बरी

आमची गाडी आजारी होती, पण फक्त पहाटे पाच ते सव्वापाच आणि फक्त अमरावतीत. बाकी वेळी तिची तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत. गाडीचं नाव सांगत नाही, कारण कंपनीचा यात काही दोष नाही. दोष असलाच तर तिच्या एकवीस वर्षांचा, आणि तिला एकवीस वर्षं बदलू न देणाऱ्या माझ्या पगाराचा.

डिसेंबर लागला आणि दुखणं सुरू झालं. चावी फिरवायची, काचेखालचा पिवळा वेटोळ्याचा दिवा लागायचा, विझायचा, मग मी सेल्फ मारायचा. घुर्र घुर्र घुर्र. काही नाही. पुन्हा घुर्र. चौथ्या खेपेला चारातलं एक सिलिंडर कसंबसं हो म्हणायचं आणि उरलेली तीन, लग्नात पंगतीला बसावं की नाही अशा विचारात पडलेल्या रुसक्या पाहुण्यांसारखी, जागच्या जागी चुळबुळत राहायची. गाडी अंगात आल्यासारखी घुमायची. मागून पांढराफटक धूर निघायचा आणि शेजारच्या काकूंच्या तुळशीला प्रदक्षिणा घालून त्यांच्या देवघरात शिरायचा. पाच मिनिटांनी सगळं शांत. मग दिवसभर अर्ध्या चावीत सुरू.

वऱ्हाडात माणसाला एक वेळ डॉक्टर मिळणार नाही, पण गाडीला मिळतो. गल्लीत बॉनेट उघडलं की पाचव्या मिनिटाला पाच जण वाकलेले असतात, आणि त्यातल्या तिघांकडे गाडी नसते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या काकांनी दुरूनच निदान केलं, "बॅटरी उतरली, बाप्पा." मी साडेपाच हजारांची नवी बॅटरी बसवली. दुसऱ्या दिवशी सेल्फ दुप्पट जोरात फिरला आणि गाडी दुप्पट जोरात सुरू झाली नाही. दुसरे म्हणाले, लाइनीत हवा धरली. म्हणून मी नाइट पॅन्टवर, कानाला मफलर गुंडाळून, डिझेल फिल्टरवरचा हातपंप दाबत उभा राहिलो. बुडबुडे संपले, माझं मनगट संपलं, गाडी जिथल्या तिथे. तिसऱ्यांनी फक्त हात मागे बांधले आणि मान हलवली. "कॉम्प्रेशन गेलं." हा शब्द आमच्याकडे ज्या आवाजात उच्चारतात, त्यानंतर घरच्यांना बाहेर बोलावून घ्यायचं तेवढं बाकी राहतं.

बायकोनं काही न बोलता बंपरला लिंबू-मिरची बांधली.

गॅरेजला मी नेली नाही असं नाही. तीन वेळा नेली. पण गॅरेज उघडतं अकराला, आणि तिथवर जायचं तर गाडी आधी सुरू करावी लागते. म्हणजे मेकॅनिकसमोर ती पोचायची ती अंग शेकून, ताजीतवानी होऊन. त्यानं चावीला नुसतं बोट लावलं की सुरू. तो माझ्याकडे असा बघायचा की मलाच काहीतरी होत असावं. तिसऱ्या वेळी म्हणाला, "भाऊ, गाडीले काई नाई झालं. तुमी सकायी थोडं उशिरा उठत जा."

ही हकीगत फोनवरून अकोल्याला गेली. आमची सासुरवाडी अकोल्याची. मेहुण्याला असल्या बातम्या फार मानवतात. "भाऊजी, अमरावतीत मिस्तरी हाय कुठी? अकोल्याले आना तिले."

इथे बाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. अमरावती आणि अकोला यांच्यात सुमारे शंभर किलोमीटर अंतर आहे आणि ते दोन्हीकडच्या लोकांना कमी वाटतं. आमच्याकडे विभागीय आयुक्त बसतात, त्यांच्याकडे १९६९ पासून कृषी विद्यापीठ. त्यांच्या स्टेशनावरून मुंबई-हावडा मेन लाइन जाते. आमची मेन लाइन बडनेऱ्यावरूनच निघून जाते, हे दुःख अमरावतीकर चारचौघांत काढत नाही. २०२५ मध्ये बेलोऱ्याहून विमान उडायला लागलं तेव्हा मी मेहुण्याला मुद्दाम फोन केला होता. तो म्हणाला, "बरं झालं. आता अकोल्याची गाडी पकडाले बडनेऱ्याले विमानानं या." असल्या माणसाकडे गाडी दुरुस्तीला न्यायची म्हणजे केवढी नामुष्की, ते समजावं. पण पहाटेचा धूर आता काकूंच्या पोथीपर्यंत पोचला होता. निघालो.

रस्ता मात्र झकास. याच रस्त्यावर, अमरावती जिल्ह्यातल्या लोणीपासून अकोला जिल्ह्यातल्या मान्यापर्यंत, जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटं न थांबता डांबरीकरण करून ७५ किलोमीटरचा एकपदरी पट्टा टाकला आणि गिनीज बुकात नाव नोंदवलं. हे आठवलं की मला थोडी लाज वाटते. माणसं पाच दिवसांत पंचाहत्तर किलोमीटर रस्ता पुढे नेतात आणि मी पंधरा मिनिटांत गाडी अंगणाबाहेर काढू शकत नाही.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो. शकुंतला रेल्वेचं गाव. त्या छोट्या लाइनीवर १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं, मग डिझेल आलं. वाफेच्या इंजिनाला निघायच्या कितीतरी तास आधी आगवाल्यानं कोळसा घालून जागं करायचं, हा रिवाजच होता. पाणी उकळेपर्यंत कोणी त्याला आजारी म्हणत नसे. आमचं डिझेल इंजिन दहा सेकंद शेक मागतं तर आम्ही त्याला लिंबू-मिरची बांधतो.

मेहुण्याचा मिस्तरी जुन्या शहरातला, सगळे त्यांना चाचा म्हणतात. सत्तरीचे असावेत. मी गाडी थांबवून दुखण्याचा इतिहास सुरू केला. त्यांनी हातानं थांबवलं, बॉनेटवर तळवा ठेवला, आणि आईनं पोराचा ताप पाहावा तसा तो काही वेळ तिथेच ठेवला.

"कुठून आले?"

"अमरावतीहून."

"आत्ता?"

"हो, सरळ इकडेच."

"मंग ह्या तापल्या इंजिनाले मी काय इचारू, राज्या? हे तर आता कोनालेबी हो म्हनन." आणि ते हात पुसत मागे फिरले. "रातभर थंडीत राहू द्या. बोटबी लावू नका. सकायी मी येतो."

गाडीला बघायचं असेल तर गाडी आजारी असताना बघावं, ही गोष्ट महिनाभरात मला सांगणारे ते पहिले. बाकी सगळ्यांनी बरी असताना पाहिली होती, नाहीतर पाहिलीच नव्हती.

रात्री सासुरवाडीला मुक्काम पडला. पाटोडी झाली, ठेचा झाला, "जवाईबापू, अजून एक घ्याच" झालं. सासरे दहाला झोपायला गेले. मी साडेदहाला अंगणात डोकावलो तर गाडीच्या बॉनेटवर दोन गोधड्या आणि वर एक सतरंजी, कडेला विटा ठेवून नीट खोचलेली. म्हाताऱ्यानं बिचारीला थंडी वाजेल म्हणून पांघरूण दिलं होतं. निदान वाया गेलं असतं! मेहुण्यानं आणि मी चोरासारख्या गोधड्या काढल्या. सकाळी सासऱ्यांना त्या पलंगावर दिसल्या तेव्हा ते माझ्याशी जरा तुटकच बोलले.

चाचा पहाटे, फजरची नमाज आटोपून, मोपेडवरून आले. तोंडातून वाफ निघत होती. अकोल्यात तोंडातून वाफ निघाली की माणूस ती दुसऱ्याला बोलावून दाखवतो, इतकं तिचं अप्रूप. मेमध्ये इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि त्याच गावात डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे तो दहाच्या आसपास उतरतो. माणूस दुलई घेऊन जमवून घेतो. अडतं ते डिझेल इंजिनाचं.

कारण त्यात ठिणगीचा कारभार नाही. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गला जे इंजिन चालवून दाखवलं त्यात नुसती हवा दाबायची होती. हवा दाबली की तापते. बडनेऱ्याच्या थांब्यावर एसटीत कंडक्टर "सरका, सरका" म्हणत वीस माणसांच्या जागेत ऐंशी कोंबतो तेव्हा आत जे होतं, तेच. तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की आपोआप भडका. पण माझ्यासारख्या जुन्या गाड्यांत फवारा थेट पिस्टनवर मारत नाहीत. हेडात एक छोटी कोठी असते, तिच्यात मारतात. कोठी लहान, भिंती जास्त, आणि पहाटे त्या भिंती गारढोण. दाबून मिळवलेली ऊब त्या भिंतीच खाऊन टाकतात. म्हणून प्रत्येक कोठीत पेन्सिलीएवढी एक कांडी खुपसलेली असते. बॅटरीचा करंट मिळाला की काही सेकंदांत तिचं टोक आठ-नऊशे अंशांवर लाल होतं आणि फवारा तिच्या शेजारी पेटतो. कागदावर तिचं नाव ग्लो प्लग. मिस्तऱ्यांच्या तोंडी हीटर प्लग. काळीपिवळी चालवणारे नुसतं "हीटर मारा" म्हणतात. महिंद्राच्या जुन्या प्यूजो इंजिनवाल्या जिपा, १९९४ मध्ये आलेली टाटा सुमो, ॲम्बॅसॅडर डिझेल, सगळ्यांच्या पोटात हीच कांडी. एसटीला आणि ट्रकला सहसा ती लागत नाही, कारण त्यांच्यात फवारा सरळ पिस्टनच्या माथ्यावर मारतात. फार थंडी असली तर ड्रायव्हर एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरतो. तो हीटरच, फक्त जरा धाडसी.

मला सगळ्यात मजेची वाटली ती पुढची गोष्ट. हे प्लग मरतात बहुतेक कधीही, पण मेल्याची खबर डिसेंबरात येते. एप्रिल-मेमध्ये अकोल्यात इंजिनाला प्लगची गरजच काय? चारही मेलेले असले तरी हवा मुळातच इतकी तापलेली की गाडी बिनतक्रार सुरू. एक मार्चमध्ये गेला, दुसरा पोळ्याला गेला, कोणाला पत्ता नाही. फार जुन्या इंजिनांत प्लग गणपतीच्या माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असत. एक गेला की सगळे अंधारात, निदान कळायचं तरी. नंतर प्रत्येकाला स्वतंत्र करंट मिळू लागला. आता हे एकत्र कुटुंब. एक भाऊ काम करत नाही हे घरावर वेळ आल्याशिवाय उघडकीला येत नाही.

"चावी फिरवा. सेल्फ नका मारू. आतला दिवा लावून ठेवा अन् त्याच्याकडे पाहा," चाचा म्हणाले.

बॉनेटखालून टक असा आवाज आला. "रिले बोलला," चाचा. छतावरचा दिवा किंचित उतरला.

"किती उतरला?"

किती म्हणजे? मी डोळे बारीक करून म्हटलं, "थोडा."

"थोडाच न? चार हीटर एकाच वक्ती लागले की चाळीस अँपियरच्या वर ओढतात. दिव्याचं तोंड पाह्यनालायक होते. हा तर नुसता लाजला." म्हणजे काही प्लग करंट घेतच नव्हते.

"पण हा पिवळा दिवा लागतो ना रोज!" मी पुरावा पुढे केला.

चाचा हसले. त्या दिव्याचा प्लगशी थेट संबंध नसतो, हे मला तेव्हा कळलं. माझ्या गाडीत तो टायमरच्या हुकमानं लागतो आणि टायमरच्या हुकमानं विझतो. लाइनमनला फोन केला की तो "निघालो" म्हणतो, त्यातला प्रकार. निघालो म्हणजे वीज आली असं नव्हे.

मग त्यांनी पिशवीतून हत्यार काढलं. मी काहीतरी स्क्रीनवालं मशीन अपेक्षिलं होतं. निघाला एक इंडिकेटरचा बल्ब, त्याला दोन वायरी, एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला घासून टोकदार केलेली सायकलची आरी. मीटर आहे, पण तो पोरगा घेऊन गेला, आणि "मीटरले चष्मा लागते, बल्बाले लागत नाई." मीटर असता तर चांगला प्लग एक-दोन ओहमच्या आत दाखवतो आणि मेलेला काहीच दाखवत नाही, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. चारही प्लगच्या डोक्यांवरून जाणारी पितळी पट्टी त्यांनी सोडवली. ती सोडल्याशिवाय तपासायचं नाही, नाहीतर जिवंताच्या जोरावर मेलेलाही पास होतो. चिमटा बॅटरीच्या प्लसला. आरी पहिल्या प्लगच्या माथ्यावर.

बल्ब लागला. दुसऱ्यावर टेकवली. अंधार. आरी थोडी खरवडून पुन्हा टेकवली. अंधार. तिसऱ्यावर लागला. चौथ्यावर अंधार.

मेहुणा, सासरे, मी आणि दूधवाला, चौघेही त्या बल्बकडे निकाल बघावा तसे बघत होतो. दोन नापास. महिनाभर बॅटरी, हवा, कॉम्प्रेशन आणि नजर या चौघांवर मी जो खर्च केला, तो या दहा रुपयांच्या बल्बानं दीड मिनिटात मोडीत काढला.

काढणं मात्र बिकट. प्लग वर्षानुवर्षं काजळीत रुतून बसतात आणि जोर लावला तर कांडीचं टोक तुटून आत राहतं. मग हेड उतरवा, आणि हेड उतरवायचा खर्च ऐकून माणूस स्वतः उतरतो. चाचांनी बुडाशी तेल सोडलं, इंजिन कसंबसं सुरू करून तापू दिलं, कारण ॲल्युमिनियमचं हेड लोखंडी प्लगपेक्षा जास्त फुगतं आणि पकड सैल करतं. मग बंद करून गोटी पाना लावला. पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. कर्र आवाज आला की थांबायचं, पुन्हा तेल. चौथ्या प्लगला वीस मिनिटं गेली. या वीस मिनिटांत त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही आणि सासऱ्यांनी आणलेल्या चहावर साय धरली.

चारही बाहेर आले तेव्हा अंगणातल्या ओट्यावर ओळीनं मांडले. जे दोन बल्बात पास झाले होते त्यांना पकडीत धरून एकेक करून जाड वायरीनं बॅटरी दाखवली. पहिला चार-पाच सेकंदांत टोकाकडून लाल झाला. खानदानी. दुसरा मात्र मध्येच कमरेत लाल झाला आणि टोक काळंच. "हा जिता हाय, पन कामाचा नाई," चाचा म्हणाले. बल्ब तार तुटली की नाही तेवढंच सांगतो, तापतो कुठे ते सांगत नाही. मग मेलेल्या दोघांचं पोस्टमॉर्टेम. एकाचं टोक अखंड होतं. वय झालं, गेला. दुसऱ्याचं टोक एका बाजूनं खाल्लेलं, मेणबत्ती ओघळल्यासारखं. ते त्यांनी चष्म्याजवळ नेलं.

"हा मेला नाई. ह्याले मारला."

"कोणी?"

"नोझलनं. फवारा नाई मारत, पिचकारी मारून राह्यली ह्याच्या अंगावर. नवा टाकला तरी सा महिन्यात असाच जाईन."

तेव्हा कळलं की काय मेलं ते शोधणं हे निम्मंच काम. कशानं मेलं ते न बघता नवा टाकणारे मिस्तरी पुष्कळ असतात; त्यांना गिऱ्हाईकही कायमचं मिळतं. ते नोझल सेटिंगला गेलं.

चार नवे प्लग आणायला मेहुण्याबरोबर दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "बाराचे का कमी व्होल्टचे?" माझा चेहरा बघून त्यानंच जुना प्लग हातातून घेतला आणि वाचला. नव्या गाड्यांचे पुष्कळ प्लग चार-पाच व्होल्टांचे असतात आणि त्यांचा कंट्रोलर करंट मोजून-मापून देतो. तसल्या प्लगला चाचांच्या पद्धतीनं सरळ बॅटरी दाखवली तर तो लाल होतो, पांढरा होतो आणि पंचत्वात विलीन होतो. चाचांच्या पुतण्यानं एका नव्या गाडीचे असे दोन तपासले होते. दोन्ही एकदम चांगले निघाले, आणि लगेच गेले. तेव्हापासून नव्या गाडीला बल्ब लावायच्या आधी चाचा प्लगवरचे आकडे पोराकडून वाचून घेतात.

संध्याकाळी सगळं बसवलं, पट्टीच्या चकत्या घासून चकचकीत केल्या. रात्रभर पुन्हा थंडीत उभी केली. या वेळी सासऱ्यांनी लांबूनच विचारलं, "आता तरी पांघरू का?" सकाळी चावी फिरवली. टक. छतावरचा दिवा चांगला मान खाली घालून बसला. पिवळा विझला, सेल्फ मारला, आणि इंजिन पहिल्या अर्ध्या घुर्रमध्ये बोललं. धूर नाही, थरथर नाही. दूधवाल्यानं टाळी वाजवली. मेहुणा काही बोलला नाही. तो हे अजून वर्षभर बोलणार आहे, हे मला त्याच्या गप्प बसण्यावरूनच कळलं.

अमरावतीत काकांना सांगितलं की हीटर प्लग गेले होते. ते म्हणाले, "मी तेच म्हनलं होतं. बॅटरीचंच काम न ते?"

हे झालं डिसेंबरात. परवा, मेच्या दुपारी अडीच वाजता, एका लग्नाहून निघालो. पारा पंचेचाळीसवर. गाडी मांडवाबाहेर उन्हात चार तास उभी होती. दाराची कडी रुमालानं उघडली, सीटवर बायकोचा दुपट्टा अंथरला, स्टिअरिंग दोन बोटांनी धरलं. चावी फिरवली. काचेखाली पिवळं वेटोळं लागलं आणि आमच्या नव्या सवयीप्रमाणे मी ते विझायची वाट बघत बसलो. घाम नाकावरून चावीवर टपकला.

बायकोनं त्या दिव्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या उन्हाकडे, मग माझ्याकडे.

"काऊन, अजून तापली नाई का हे?"